दुनळीच्या नळ्यांना आमच्या पावसात टिकेल असं काय लावावं?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बारा बोअरची दुनळी आहे, ऑर्डनन्स फॅक्टरीची. बाबांच्या नावावर होती, ते गेल्यावर रीतसर अर्ज करून माझ्या नावावर करून घेतली. पीक राखणीचं लायसन. शेत बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढे, जंगलाला लागून. भात पोटरीला आला की रानडुकरांचे कळप उतरतात, मग रात्री माळ्यावर बसून आवाज काढावा लागतो. मृगापासून गणपतीपर्यंत आमच्याकडे अंगावरचे कपडे धड वाळत नाहीत, तिथे लोखंडाची काय कथा.

२०२४ च्या लोकसभेला आचारसंहिता लागली तशी मार्चमध्ये बंदूक जमा केली. आमच्याकडचं मतदान ७ मे ला झालं, निकाल ४ जूनला लागला, त्यानंतर बंदूक हातात आली. कापडी खोळीसकट भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि तोवर वळवाचे पाऊस पडून गेले होते. पुढचं लाकूड काढून बघतो तर नळ्यांच्या पोटाला तपकिरी पट्टा. दोन नळ्यांच्या मधे जी लांब पट्टी असते, तिच्या एका कडेने गंजाची बारीक रेघ आली आहे. पुसली तरी चार दिवसांत परत येते. ट्रिगर गार्डवरचा काळा रंग सोलून खालचं लोखंड उघडं पडलंय. नळ्यांचा मूळचा निळसर काळा रंग हात लागतो तिथे पार उडालाय.

तेलपाणी करून मागचा हंगाम काढला, पण आता कायमचं काहीतरी करावं म्हणतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला एक ओळखीचा म्हणतो, पावडर कोटिंग करून टाक, पंपाच्या बॉडीला करतात तसं, जन्मभर बघायला नको. गॅरेजवाला म्हणतो गाडीचा टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) रंग मार. भाचा पुण्याला असतो, तो म्हणतो सेराकोट, म्हणजे सेरॅमिक कोटिंग. बाबा मात्र ब्लूइंगशिवाय, म्हणजे लोखंडालाच निळसर काळं करण्याच्या जुन्या पद्धतीशिवाय, दुसरं नाव घेत नसत. बाबांची वस्तू आहे, वाटेल ते फासून तिचं वाटोळं करायचं नाही. जाणकारांनी सांगावं.

निपाणीचा शेतकरी

दादा, माझी एकनळी आहे. परवानाधारक दुकानातूनच हॉट ब्लूइंग करून घेतलं, अजून छान आहे. काळाभोर रंग, हाताला गुळगुळीत. महिन्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवतो, बस. तुम्हीपण तेच करा. फक्त आमच्याकडे तंबाखूचा मुलूख, पाऊस तुमच्या मानाने काहीच नाही, तेवढा फरक धरून चला.

मच्छे कोटिंग

जांबोटीकर दादा, मच्छेला आमचं पावडर कोटिंगचं युनिट आहे, सेव्हन टँकची लाइन. रोज हेच काम करते म्हणून ठामपणे सांगते, नळ्यांना पावडर नको.

पावडर ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांवर शिजवावी लागते. दुनळीतल्या पट्ट्या बहुतेक शिसं-कथिलाच्या सोल्डरने बसवलेल्या असतात आणि ते सोल्डर १८३ अंशांपासून मऊ पडायला लागतं. म्हणजे कोटिंग उत्तम होईल, पण पट्टी जागेवरून सुटेल. दुसरं, पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा. पंपाच्या बॉडीला तो चालतो, कारण मशिनिंग केलेल्या जागा आम्ही टेप आणि प्लग लावून झाकतो. बंदुकीत नळ्या जिथे बिजागरीवर फिरतात आणि बंद होताना मागे चपखल बसतात, तिथे समोरासमोरच्या दोन्ही पृष्ठभागांवर थर चढला तर सव्वाशे-दीडशे मायक्रॉन झाले. बंदूक नीट बंदच होणार नाही.

आणि पावडरच्या आधी जे होतं त्याकडे कुणी लक्ष देत नाही. आमच्या टाक्यांत आधी गरम अल्कली, मग गंज काढायला आम्ल, मग फॉस्फेट, मधे मधे पाणी. तुमच्या पट्टीच्या कडेला रेघ दिसते आहे, म्हणजे तिथे सुईएवढी का होईना फट असणार. त्या फटीतून आम्ल दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत गेलं की कितीही धुतलं तरी बाहेर येत नाही. ते आतून खात बसतं. स्प्रिंगा तर आम्लाच्या टाकीत कधीच सोडू नयेत. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, ते ठिसूळ होतं आणि नंतर कधीतरी ताणाखाली असताना तडकतं.

गॅरेजच्या टू-पॅक पीयूबद्दल एकच सांगते. खाली इच प्रायमर (धातूला धरून बसणारा पहिला थर) किंवा फॉस्फेट नसेल तर तो लोखंडाला धरत नाही, पापुद्रा निघतो. शिवाय त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. बंद खोलीत साधं फडकं तोंडाला बांधून मारण्याची ती वस्तू नव्हे.

सेरॅमिक कोटिंगबद्दल माझं मत चांगलं आहे. सेराकोटची एच मालिका १२१ अंशांवर दोन तासांत पक्की होते, म्हणजे सोल्डरला धोका नाही. थर साधारण २५ मायक्रॉन. पण त्याचं सगळं यश तयारीत आहे. आधी सगळं तेल निघालं पाहिजे, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा मारा म्हणजे ब्लास्टिंग, आणि त्यानंतर भागाला उघडा हात लावायचा नाही. बोटाचा ठसा उमटला तर कोटिंग नेमकं तिथेच सुटतं. जुन्या भागाच्या सांध्यात मुरलेलं तेल ओव्हनमध्ये गरम झालं की बाहेर येतं, म्हणून रंग मारण्याआधी एकदा रिकामाच तापवून पुसावा लागतो. हे सगळं झालं तर घाम, तेल, पाऊस कशालाही दाद देत नाही. एकनळीला मी डोळे झाकून हेच सुचवेन.

आता महत्त्वाचं. हे काम माझ्यासारखीकडे आणू नका. आर्म्स ॲक्टमध्ये बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भागही येतात. नुसती नळी माझ्या युनिटमध्ये ठेवून घेतली तरी ती विनापरवाना बंदूक ठेवल्यासारखीच. कलम ५ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. मागे एक गृहस्थ तांदळाच्या पोत्यात गुंडाळून नळी घेऊन आले होते, त्यांना चहा पाजून तशीच परत पाठवली. उद्यमबागेतले तुमचे ओळखीचे अडचणीत येतील आणि तुमचं लायसनही जाईल. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, आणि दिल्याची पावती घ्या.

गणेशपूरचा आर्मरर

जांबोटीकर, मी लष्कराच्या ईएमईचा आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे काम बघतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची बंदूक आली की पुढचं लाकूड काढण्याआधीच आत काय असणार ते मला माहीत असतं. तुमच्यासारखाच तपकिरी पट्टा. लाकूड पाणी धरतं आणि लोखंड त्याला चिकटून बसलेलं असतं. वरून सगळे पुसतात, लाकूड उतरवून कुणी पुसत नाही.

मच्छेच्या ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे. एका ठिकाणी माझं मत वेगळं पडतं, त्याकडे येतो. निपाणीकरांचा सल्ला मात्र तुम्ही उचलू नका. त्यांची एकनळी आहे, तिला हॉट ब्लूइंग योग्यच. तुमच्या दुनळीला तेच केलं तर नुकसान होईल. हॉट ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या मिठांचं उकळतं पाणी, १४० अंशांच्या आसपास. सोल्डर त्या उष्णतेने वितळत नाही, पण कॉस्टिक शिसं-कथिल खातं. पट्टी ढिली होते, आणि पट्टीखाली शिरलेलं कॉस्टिक महिनोन् महिने कडेने पांढरं पाझरत राहतं. ट्रिगर गार्ड ॲल्युमिनियमचा असेल तर तो त्या टाकीत विरघळायलाच लागतो. म्हणून कुठेही काम द्याल तिथे पहिला प्रश्न हा विचारा की दुनळीला कोणतं ब्लूइंग करता. समोरचा म्हणाला ‘सगळ्याला एकच टाकी’, तर बंदूक उचला आणि घरी चला.

पण तुमच्या बाबतीत रंगाचा विचार नंतरचा. आधी ती गंजाची रेघ. पुसून चार दिवसांत परत येते म्हणता, तर तो गंज वरचा नाही, आतून येतोय. घरच्या घरी एक तपासणी करा. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा. नळ्यांच्या खाली मागच्या बाजूला जो आकड्यासारखा ठोकळा असतो, त्यात बोट अडकवून नळ्या अधांतरी लटकत्या धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारा. सोल्डर शाबूत असेल तर देवळातल्या घंटेसारखा नाद निघतो आणि थोडा वेळ रेंगाळतो. पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज बसका, थरथरता येतो. मागून तोंडापर्यंत चार-पाच ठिकाणी वाजवा. जिथे आवाज बदलतो तिथे बोट फिरवून रेघेशी जुळतं का बघा.

हे झाल्याशिवाय वरून काहीही लावणं म्हणजे पू झालेल्या जखमेवर पट्टी बांधणं.

आता ब्लूइंग. हा रंग नव्हे. लोखंडाचाच वरचा थर काळ्या ऑक्साइडमध्ये बदललेला असतो, मॅग्नेटाइट म्हणतात त्याला. तो इतका पातळ असतो की माप बदलत नाही, म्हणून बिजागरी, खटका, सगळं पहिल्यासारखं बसतं. त्याच्यात स्वतःची ताकद फार नाही. तो तेल धरून ठेवतो, आणि ते तेल लोखंड वाचवतं. तेल संपलं की ब्लूइंग केलेली नळीही गंजते. हे मान्य करूनच ते निवडायचं.

दुनळीला करायचं ते रस्ट ब्लूइंग, जुनी सावकाश पद्धत. नळ्या तेलमुक्त करतात, भोकं दोन्हीकडून लाकडी बुचांनी घट्ट बंद करतात, वरून आम्लाचं अगदी सौम्य द्रावण पातळ फिरवतात आणि दमट जागेत टांगून ठेवतात. काही तासांत सगळीकडे एकसारखा तांबूस गंज धरतो, मखमलीसारखा मऊ. मग त्या स्वच्छ पाण्यात उकळायच्या. उकळत्या पाण्यात तो तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो. बाहेर काढून वाळल्या की बारीक तारेच्या मऊ ब्रशने वरची सुटी काळी भुकटी झाडायची. खाली करडी छटा उरते. परत द्रावण, परत गंज, परत उकळणं. पाच-सहा-सात फेऱ्यांत करडा रंग गडद होत जातो आणि शेवटी खोल निळसर काळा येतो. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून सोल्डर सुरक्षित. उकळताना पट्टीच्या कडेने बुडबुडे सुटले तर तिथे फट आहे हेही कळतं. आणि खड्ड्यांत दडलेला तांबडा गंजसुद्धा उकळून काळा होतो, म्हणजे पुढे पसरायचा थांबतो.

या कामाला कोरड्या मुलखात लोक वाफेची पेटी करतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये खोलीची खिडकी उघडी ठेवली तरी पुरतं. बेळगावच्या पावसाचा एवढा एकच फायदा मी बंदुकीच्या कामात पाहिलाय. तेव्हा पावसाळ्यात काम दिलंत तर बिघडत नाही, उलट थर छान एकसारखा बसतो. मात्र पीक राखणीचा हंगाम नेमका तेव्हाच, त्याचा मेळ तुम्हीच घाला.

ताईंशी मतभेद इथे आहे. सेरॅमिक कोटिंग टिकाऊ आहे यात वाद नाही. पण नळी हा दाब सोसणारा भाग आहे. बार उडताना काडतुसाच्या घराजवळ प्रचंड दाब येतो. तिथे गंजाने खड्डा खणायला सुरुवात केली तर ती मला त्याच दिवशी दिसली पाहिजे. ब्लूइंगवर तांबडा ठिपका लगेच नजरेस येतो, तेलाच्या बोळ्याने निघतो. कोटिंगला कुठे दगड लागून टवका उडाला की ओल तिथून आत शिरते आणि थराखालून सरकते. वरून काळं कुळकुळीत, खाली पोखरलेलं. तुमच्यासारख्या सतत ओल्या गावात, आणि जिथे बंदूक वर्षाकाठी जमा करण्याची वेळ येऊ शकते तिथे, नळ्यांवर मला न झाकणारी गोष्टच हवी. दुसरं कारण ब्लास्टिंग. वाळूचा मारा एकदा झाला की मूळचा गुळगुळीत पृष्ठभाग गेला, पुढे कधी ब्लूइंगकडे परतायचं म्हटलं तर नळी घासून धातू कमी करावा लागतो. आणि ते कण पट्टीच्या फटीत अडकतात ते वेगळंच.

ट्रिगर गार्ड, पट्ट्याच्या कड्या, पुढच्या लाकडातलं लोखंड, हे दाबाचे भाग नाहीत. त्यांना खुशाल फॉस्फेट करून वर भाजून पक्का होणारा काळा रंग द्या. फॉस्फेटचे स्फटिक खरबरीत आणि सच्छिद्र असतात, रंग त्यात रुतून बसतो. ब्रिटिशांनी त्यांच्या एसएलआर रायफलला हेच केलं होतं, फॉस्फेटवर सनकोराइट नावाचा भाजलेला रंग. ट्रिगर गार्डला हात सतत लागतो, घाम लागतो, तिथे ब्लूइंग टिकतच नाही. इथे ताईंचं सेरॅमिक माझ्या मते पहिल्या नंबरचं.

बाटलीतल्या कोल्ड ब्लूच्या नादी लागू नका. त्यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात, आणि जो काळेपणा येतो तो स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा झाकायला ठीक. नळीभर लावलात तर एका पावसात ठिपके पडतील.

शेवटचं, पण हे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो. बफिंग व्हीलवर नळी चढवू देऊ नका. बफने सपाट कडा गोल होतात, स्क्रूच्या खाचा पसरतात, आणि नंबर व प्रूफचे (दाबाच्या चाचणीचे) शिक्के पुसट होतात. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ८ प्रमाणे नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. चकाकी आणायच्या नादात नंबर गेला तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात लायसन रिन्यू करताना काय सांगणार? हाताने, लाकडी ठोकळ्यावर एमरी कागद लावून, नळीच्या लांबीच्या दिशेने घासलेलं काम मागा आणि शिक्क्यांभोवतीची जागा सोडायला सांगा. काम देण्याआधी नंबरचा फोटो काढून ठेवा.

जांबोटीकर

काका, ताई, मनापासून आभार. निपाणीकर दादांचेही.

आज नळ्या उतरवून वाजवून बघितल्या. मागून अर्ध्यापर्यंत छान नाद येतो. तोंडाकडच्या वीतभर भागात आवाज एकदम बसतो, आणि रेघ नेमकी तिथेच आहे. म्हणजे पट्टी सुटली असं धरू का? ब्लूइंगच्या आधी ती बसवावी लागेल ना? आणि तोवर घरी काय करत राहू? लाकडाला बाबा जवसाचं तेल लावायचे, ते चालू ठेवू का? परत निवडणूक येईल तेव्हा जमा करताना काय काळजी घ्यावी, तेही सांगा.

गणेशपूरचा आर्मरर

सुटली आहे असंच धरा, आणि काम होईपर्यंत त्या बंदुकीने बार काढू नका. तोंडाकडचाच भाग आहे, फार मोठं काम नाही. दुरुस्तीवाला पट्टी तेवढी उचलून आतला गंज साफ करेल, दोन्ही बाजूंना कथिल चढवून परत बसवेल. त्याला एक गोष्ट विचारा, फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून लावतात तो पदार्थ, कोणता वापरता. राळेचा हवा. झिंक क्लोराइडवाला फ्लक्स झटपट काम करतो, पण त्याचा अंश आत राहिला की तोच ओल ओढून घेतो आणि वर्षा-दोन वर्षांत तुम्हाला हीच रेघ परत दिसते. पट्टी बसली, परत वाजवून नाद आला, की मगच रस्ट ब्लूइंग. क्रम चुकवू देऊ नका.

घरी करायचं ते एवढंच. वरचा तांबडा गंज असेल तिथे हलकं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, सकाळी सगळ्यात बारीक नंबरच्या स्टील वूलने, तेलासकट, हलक्या हाताने. जाड पापुद्रा असेल तर जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. चाकू, पटाशी, पॉलिश पेपर काही नको. आतून पुलथ्रूला (नळी साफ करायच्या दोरीला) तेलाची चिंदी लावून ओढा, नंतर कोरडी चिंदी स्वच्छ निघेपर्यंत ओढा. नळीत ग्रीस भरून ठेवण्याची सवय काहींना असते. ठेवायला ठीक आहे, पण बार काढण्याआधी ते शंभर टक्के निघालं पाहिजे. आत ग्रीसचा गोळा राहिला तर नळी फाटते.

बाबांचं जवसाचं तेल चालू ठेवा, अगदी योग्य आहे. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, लाकूड कोमट होईपर्यंत. पण पुढच्या लाकडाच्या आतल्या खोबणीलाही लावा, जिथे नळ्या टेकतात. ती जागा बहुतेक कोरीच असते, पाणी तिथूनच पितं. तेल वाळायला आठवडाभर द्या, मग बसवा. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, मग टाका.

आणि ती कापडी खोळ फक्त नेण्या-आणण्यापुरती. चामड्याचीही तशीच, ओल आणि क्षार धरून ठेवते. घरी बंदूक कुलपाच्या कपाटात उघडीच उभी करा, तळाला सिलिका जेलची पिशवी. शेतावरून भिजून आलात तर जेवायच्या आधी लाकूड उतरवून पुसायची.

जमा करण्याबाबत, परवानाधारक दुकानातही बंदूक जमा ठेवता येते. थोडे पैसे लागतात, पण तिथे तेल-फडकं फिरवणारा माणूस असतो. ठाण्याला तशी पावती दाखवायची.

मच्छे कोटिंग

काकांचं नळ्यांबद्दलचं म्हणणं मला पटलं. सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याच्या चाचणीत, आम्ही पॅनेलवर मुद्दाम चिरा मारून ठेवतो आणि थराखालून गंज किती सरकला ते मोजतो. सरकतो, हे रोज बघते. दाबाच्या भागावर ती जोखीम नको हे बरोबर. ट्रिगर गार्ड आणि कड्यांना मात्र सेरॅमिक कराच.

जमा करण्यासाठी एक उपाय सांगते, आपल्याकडे सहज मिळतो. उद्यमबागेतून मशिनिंग केलेले पार्ट परदेशी जातात ते व्हीसीआय पिशवीत भरून जातात. समुद्रावरच्या दमट हवेत आठवडे काढतात आणि उघडल्यावर चकचकीत निघतात. त्या पिशवीतून एक वाफ सुटते, ती धातूवर बसून गंज अडवते. पॅकिंग मटेरियलच्या दुकानात मीटरवर मिळते. लोखंडासाठीची मागा, तांब्या-पितळेसाठीची वेगळी असते. आधी नळ्या कोरड्या पुसून रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेलाचा पातळ हात फिरवा. मशिन शॉपमध्ये त्याला आरपी ऑइल म्हणतात, वंगणाच्या तेलापेक्षा हे जास्त दिवस धरून राहतं. मग पिशवीत घालून तोंड दोनदा दुमडून टेप मारा, आणि त्यावर खोळ. खोळ आत आणि पिशवी बाहेर असं करू नका, ओला कपडा आत कोंडला जाईल. साधी प्लास्टिकची पिशवी तर अजिबात नको, तिच्यात आतल्या आत घाम सुटतो.

नंबर तपासायला ठाण्यात पिशवी उघडावी लागेल, म्हणून टेपची गुंडाळी सोबत न्या आणि तपासणी झाल्यावर तिथेच परत बंद करा. परत मिळाली की ती पिशवी टाकून द्या, पुढच्या वेळी नवी घ्या. उघडझाप झालेल्या पिशवीतली वाफ संपलेली असते.